टेक पत्रकार म्हणून स्वतःचं नाव कसं करायचं? जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न असा आलाय: वय सव्वीस, मराठी न्यूज पोर्टलच्या टेक डेस्कवर नोकरी, दिवसाला आठ-दहा बातम्या पाडायच्या, त्यातल्या बऱ्याचशा मोबाईल लाँच नाहीतर रिचार्ज प्लॅन, बायलाइन, म्हणजे बातमीवर स्वतःचं नाव, कधी मिळते कधी नुसतंच ‘टेक डेस्क’. "ताई, यातून माझा पर्सनल ब्रँड कसा होणार? लिंक्डइनवर रोज लिहू का, यूट्यूब चॅनल काढू का, की सरळ इंग्रजीत जाऊ?" शिवाय दुसऱ्या एका पोर्टलची ऑफर आलीय आणि एक पीआर एजन्सी वरकाम देतेय, त्याचं काय करू हेही विचारलंय. ताई म्हणालायस म्हणून तू-तुझं करते. मोबाईलला बाहेर काढायची अँटेना होती तेव्हापासून मी या विषयावर लिहितेय, आधी पेपरात, मग वेबवर, आता बरीच वर्षं फ्रीलान्स, त्यामुळे उत्तर छोटं होणार नाही.

लोगो, बॅनर, ‘टेक विथ अमुक’ छाप चॅनलचं नाव, लिंक्डइनची हेडलाइन हे सगळं आधी बाजूला ठेव. त्याला एक रविवार पुरतो आणि तो रविवार वर्षभरानं आला तरी काही बिघडत नाही. आत्ता एवढंच बघ की तुझी आजची बातमी आणि इतर साइटवरची तीच बातमी यात फरक काय आहे. प्रेसनोट एकच, सगळ्यांना एकाच मेलनं आलेली, एम्बार्गो, म्हणजे त्याआधी छापायचं नाही ही वेळ, दुपारी बाराचा, बारा वाजून एक मिनिटाला सगळ्यांनी तीच किंमत, तोच कॅमेरा आणि तेवढेच एमएएच छापले. तिच्याखाली तुझं नाव ठळक टायपात असलं तरी वाचकानं ते लक्षात ठेवायचं कारण काय? नाव लक्षात राहतं ते असं, की एखादी ठराविक भानगड झाली की लोक म्हणतात थांब, हे त्याला विचारू, त्याला माहीत असणार. ती भानगड कुठली हे तू ठरवायचंस, आणि जितकी बारीक ठरवशील तितकं बरं.

ब्रायन क्रेब्सचं उदाहरण मी नेहमी देते. हा वॉशिंग्टन पोस्टमध्ये होता, कॉम्प्युटरचं काही शिक्षण नाही, २००१ मध्ये घरच्या मशीनमध्ये एक वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) शिरला आणि त्याला या विषयाचं वेड लागलं. २००९ च्या शेवटी पेपरमधली नोकरी गेली आणि त्याच डिसेंबरात त्यानं स्वतःची साइट काढली, क्रेब्स ऑन सिक्युरिटी. विषय एकच, सायबर गुन्हेगार, त्यातही चोरलेली कार्डं विकणारे, स्पॅम पाठवणारे, एटीएमवर स्किमर, म्हणजे कार्डाची माहिती चोरणारं यंत्र, बसवणारे. त्यांचे फोरम वाचता यावेत म्हणून गडी रशियन शिकला. १८ डिसेंबर २०१३ ला त्यानं बातमी दिली की टार्गेट या अमेरिकेतल्या दुकानांच्या मोठ्या साखळीतून ग्राहकांच्या कार्डांचा डेटा चोरीला गेलाय, आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीला कबूल करावं लागलं, सुमारे ४ कोटी कार्डं. एकटा माणूस, पाठीशी कुठलाही पेपर नाही. ही बातमी त्याच्याकडेच का आली याचं माझं उत्तर असं की बँकांमध्ये फ्रॉड सांभाळणारी जी मंडळी असतात तीच त्याची नेहमीची वाचक होती, याला सांगितलं तर समजेल आणि हा आपलं नाव फोडणार नाही हे त्यांना त्याच्या लिखाणावरून कळत होतं. वाचक आणि सोर्स एकच होऊन बसले. ‘टेक्नॉलॉजी’ एवढी अघळपघळ बीट (म्हणजे लिहायचा ठरलेला विषय) घेतली तर असं कधीच होत नाही. आणि हो, त्याला याचा त्रासही बेफाम झाला, २०१३ मध्ये कुणीतरी खोटा फोन करून त्याच्या घरावर बंदूकधारी पोलीस पाठवले, २०१६ च्या सप्टेंबरमध्ये साइटवर जवळपास ६२० गिगाबिट प्रति सेकंद इतक्या खोट्या ट्रॅफिकचा हल्ला झाला, फुकट संरक्षण देणाऱ्या कंपनीनं हात वर केले तेव्हा गुगलनं साइट आपल्या सर्व्हरमागे घेतली. त्यामुळे क्रेब्स व्हायचंय असं कुणी म्हटलं की मी आधी घरच्यांना विचारलंस का असं विचारते.

वॉल्ट मॉसबर्गचा रस्ता वेगळा. वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये संरक्षण, परराष्ट्र असल्या बातम्या करणारा हा माणूस, १९९१ मध्ये त्यानं टेक्नॉलॉजीचा कॉलम सुरू केला आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की कॉम्प्युटर वापरायला भलतेच अवघड आहेत आणि त्यात तुमची चूक नाही. तोवर यावर लिहिणारे बहुतेक जण कॉम्प्युटरवाल्यांसाठीच लिहायचे. यानं सामान्य गिऱ्हाइकाची बाजू धरली आणि २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत सोडली नाही, बड्या कंपन्यांचे मालक त्याच्या कॉलमला दबकून असायचे. क्रेब्सनं विषय पकडला, मॉसबर्गनं वाचक पकडला. तुला दोन्हीतलं एक तरी पकडावंच लागेल.

आता मराठीत मोकळी जागा कुठे आहे ते बघू, कारण खरा मुद्दा इथे आहे. मोबाईल रिव्ह्यूत नाहीये, हे स्पष्टच सांगते. हिंदीत गौरव चौधरी २०१५ पासून व्हिडिओ करतोय, दोन कोटींच्या वर सबस्क्रायबर आहेत, आणि तुझा वाचक नाशिकचा असो की नांदेडचा, फोन घ्यायच्या आधी तो हिंदी व्हिडिओ बघतोच. तिथे दोन लाइट आणि एक ट्रायपॉड घेऊन उतरायचं असेल तर उतर, पण ते पत्रकारितेपेक्षा वेगळं काम आहे.

मोकळी जागा तिथे आहे जिथे टेक्नॉलॉजी माणसाच्या मानगुटीवर येऊन बसते. ई-पीक पाहणी घे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतः ॲपवर पिकाचा फोटो टाकायचा, तेही शेतात उभं राहून, लोकेशनसकट. शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधारवर ज्ञानेश्वर आणि सातबाऱ्यावर ज्ञानोबा असलं की गाडी अडते. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, मग ज्या बाईचे दोघंही हयात नाहीत तिनं कुणाचा ओटीपी आणायचा? डिजिटल अरेस्टवर तर खुद्द पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये बोलावं लागलं, आणि तरीही रिटायर्ड प्राध्यापक, डॉक्टर रोज फसतायत. ही सगळी टेक्नॉलॉजीच आहे ना? पण आपल्याकडे ती जिल्हा पानावर जाते, ‘सर्व्हर डाऊनमुळे शेतकरी हैराण’ असं हेडिंग, एका संघटनेचं निवेदन, तहसीलदारांची प्रतिक्रिया, संपलं. सर्व्हर कुणाचा आहे, टेंडरमध्ये एका वेळी किती लोकांचा लोड धरला होता, लोकेशन चुकतंय ते फोनच्या जीपीएसमुळे की गटाच्या नकाशातच घोळ आहे, हे कुणी विचारत नाही, कारण तालुक्याच्या वार्ताहराला त्यातलं तांत्रिक ठाऊक नसतं आणि टेक डेस्कला ती आपली बातमी वाटत नाही. त्या दोघांच्या मधे जी फट आहे ती तुझी.

सहकारी बँकांचंही तसंच. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला हल्ला झाला, ९४ कोटींच्या वर रक्कम गेली, दोन तासांच्या आसपास २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी पैसे काढले आणि उरलेले स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या नेटवर्कवरून, हाँगकाँगला. महाराष्ट्रात सहकारी बँकांचं जाळं केवढं आहे तुला माहितीय, प्रत्येक तालुक्यात एखादी आहेच, आणि त्यांची सिस्टीम कोण बघतं, एटीएम-कार्डांचे व्यवहार पुढे पाठवणारा स्विच कुणाचा आहे, हल्ला झाला तर सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायचा नियम एप्रिल २०२२ मध्ये आला तो पाळला जातो का, यावर सातत्यानं मराठीत लिहिणारा माणूस मला तरी पटकन आठवत नाही. अशी एक गोष्ट धर. दोन वर्षं धरून ठेव. ऑफिसचे रिचार्ज प्लॅन चालूच राहतील, ते पगारासाठी, पण महिन्यातून एक-दोन बातम्या या धरलेल्या विषयावरच्या.

काम कसं करायचं तेही सांगते, कारण बीट ठरवली म्हणून सोर्स आपोआप उगवत नाहीत. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरांशी दोस्ती कर. पोर्टल बंद पडलं की राज्यात सगळ्यात आधी त्यांना कळतं, कुठल्या स्क्रीनवर कुठला एरर येतो याचे स्क्रीनशॉट त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेले असतात, मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी समजतं. तलाठ्यांच्या, बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेतले लोक, सायबर पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणारा शिपाई, ही माणसं. मोठे साहेब नंतर. मग कागद: शासन निर्णय साइटवर असतात, टेंडर महाटेंडर्स या सरकारी पोर्टलवर असतात, टेंडर वाचायला कंटाळा येतो पण ‘स्कोप ऑफ वर्क’ आणि पेनल्टीचा भाग तेवढा वाचलास तरी बातमी सापडते. प्ले स्टोअरवरचे एक स्टारचे रिव्ह्यू तारखेनुसार लावून बघ, कुठल्या अपडेटनंतर शिव्या सुरू झाल्या ते लख्ख दिसतं. सरकारी पान बदलायच्या आधी वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) सेव्ह करून ठेव, कारण ते बदलतं आणि नंतर कुणी मान्य करत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन जातो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, दर महिन्याला एक तरी टाकत जा. नकार आता जास्त येतील, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललंय, म्हणून प्रश्न विचारताना माणसांची नावं मागू नकोस, आकडे, कराराच्या प्रती, बंद पडल्याच्या नोंदी माग.

मोबाईल सोडवतच नसेल तर त्यातही एक कोपरा आहे. लाँचच्या दिवशी सगळे असतात, दोन वर्षांनी कुणी नसतं. गुगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला सात वर्षं अपडेट द्यायचं वचन दिलं, स्वस्तातल्या कंपन्या दोन-तीन वर्षं म्हणतात. कुणी पाळलं, कुणी किती महिने उशीर केला, याची एक साधी एक्सेल शीट ठेव आणि दर तिमाहीला त्यावर एक लेख. किंवा गावातलं नेटवर्क. जिओनं २०२२ च्या लिलावात भिंतीतून चांगला आत शिरणारा ७०० मेगाहर्ट्झचा बँड घेतला, एअरटेलनं घेतला नाही, त्यामुळे फोनमध्ये कुठले बँड आहेत याचा घरात भिंतीमागे रेंज येण्याशी थेट संबंध आहे, आणि हे मराठीत समजावून सांगणारा लेख लोक वर्षानुवर्षं एकमेकांना पाठवतात. अनबॉक्सिंग कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

आता फुकट येणाऱ्या वस्तूंचं. इथे बरेच हुशार लोक नाव घालवून बसलेले मी बघितलेत. तुझ्याकडे रिव्ह्यू युनिट येतील, पॉवर बँक, बॅगा, दिवाळीला सुकामेव्याचा डबा, मग कधीतरी लाँचसाठी बँकॉकची ट्रिप. यात नैतिक प्रवचन देत नाही, व्यवहार सांगते. १ जुलै २०२२ पासून आयकरात तरतूद आहे की धंद्याच्या संबंधातून मिळालेला फायदा वर्षाला २० हजारांच्या वर गेला तर देणाऱ्यानं १० टक्के टीडीएस कापायचा, आणि आयकर खात्याच्या परिपत्रकात मोबाईलचं उदाहरण नाव घेऊन दिलंय: इन्फ्लुएन्सरनं फोन वापरून परत केला तर तो फायदा नाही, ठेवून घेतला तर फायदा. म्हणजे परत पाठवल्याची कुरिअरची पावती सांभाळून ठेव, ती करासाठीही उपयोगी आणि कुणी बोट दाखवलं तर दाखवायलाही. दुसरं, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या आस्कीचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून आहेत आणि ग्राहक व्यवहार खात्यानं २० जानेवारी २०२३ ला आपले काढले. पैसे, फुकट वस्तू, सूट, हॉटेल, प्रवास, काहीही मिळालं असेल तर सांगायचं, व्हिडिओत बोलून आणि दाखवून दोन्ही, आणि ज्या भाषेत शिफारस केलीय त्याच भाषेत. म्हणजे रिव्ह्यू अस्सल मराठीत आणि खाली बारीक अक्षरात इंग्रजीत ‘पेड पार्टनरशिप’ हे चालत नाही. दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. आपल्याकडे रोज मोडला जातो हा नियम, मला माहितीय. म्हणूनच जो पाळतो तो उठून दिसतो.

मॉसबर्ग आणि त्याची सहकारी पत्रकार कारा स्विशर या दोघांनी आपापली आचारसंहिता आपल्या साइटवर जाहीर लावली होती, कोण काय घेतं, काय घेत नाही, कुठे शेअर आहेत का, आणि स्विशरनं तर तिची तेव्हाची जोडीदार गुगलमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे हेही लिहून ठेवलं होतं. तू असं एक पान आजच कर. दहा ओळी पुरे. मराठीत. "कंपनीनं दिलेले फोन मी एवढ्या दिवसांत परत करतो, ट्रिपला गेलो तर लेखात पहिल्या परिच्छेदात लिहितो, ज्या कंपन्यांवर लिहितो त्यांचे शेअर घेत नाही." हे पान बघून पीआरवाले थोडे नाराज होतील, काही लाँचची आमंत्रणं थांबतील. थांबू देत, तशीही ती प्रेसनोट तुला मिळणारच आहे.

वाईट रिव्ह्यू लिहिला तर संबंध तुटतात का? काही तुटतात. यूट्यूबवरचा नावाजलेला अमेरिकन रिव्ह्यूअर मार्केस ब्राऊनली यानं एप्रिल २०२४ मध्ये ह्युमेन कंपनीच्या कपड्याला लावायच्या एआय पिनला आजवर रिव्ह्यू केलेली सगळ्यात वाईट वस्तू म्हटलं तेव्हा त्याच्यावरच आरडाओरडा झाला की एवढ्या मोठ्या माणसानं स्टार्टअप मारायचं का. पुढच्या फेब्रुवारीत कंपनीचा बराचसा भाग एचपीनं विकत घेतला आणि पिन बंदच पडले. वस्तू वाईट होती, त्यानं सांगितलं एवढंच. पण त्याच माणसानं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वतःचं वॉलपेपरचं ॲप काढलं, वर्षाला पन्नास डॉलर, शिवाय जाहिराती, आणि त्याच्याच चाहत्यांनी त्याला धुतलं, कारण इतरांच्या किमतीवर बोलणारा माणूस स्वतः विकायला बसला की लोक दुप्पट कडक होतात. कोर्स विकायचा विचार डोक्यात आला तर हे आठव.

मग स्वतःची जागा. पोर्टलच्या हँडलवर कितीही फॉलोअर आले तरी ते पोर्टलचे. पोर्टलं बंद पडतात, विकली जातात, डिझाइन बदललं की जुन्या लिंका मरतात. ओम मलिक, दिल्लीत वाढलेला माणूस, त्यानं अमेरिकेत गिगाओम नावाची टेक बातम्यांची कंपनी उभी केली, चांगली नावाजलेली, मार्च २०१५ मध्ये देणेकऱ्यांचे पैसे देता येईनात म्हणून एका दिवसात बंद. त्याचं स्वतःचं नावाचं पान होतं म्हणून तो लिहीत राहिला, वाचक त्याच्यामागे आले. अमेरिकन पत्रकार केसी न्यूटननं २०२० मध्ये द व्हर्ज ही टेक साइट सोडून प्लॅटफॉर्मर हे न्यूजलेटर काढलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये नाझी मजकुराच्या धोरणावरून ते ज्यावर चालायचं त्या सबस्टॅकशी पटेना तेव्हा सगळे सबस्क्रायबर घेऊन घोस्ट या दुसऱ्या न्यूजलेटर प्लॅटफॉर्मवर निघून गेला. इन्स्टाग्रामचे फॉलोअर असे उचलून नेता येतात का? ईमेलची यादी नेता येते, म्हणून ईमेल. मराठी माणूस मेल उघडत नाही असं तू म्हणशील, ते बऱ्याच अंशी खरंय, व्हॉट्सॲप चॅनलही काढ, पण तिथली यादी तुझ्या हातात नसते हे लक्षात ठेवून. स्वतःच्या नावाचं डोमेन घे, वर्षाला हजार-दीड हजारात होतं, त्यावर तुझ्या चांगल्या बातम्यांची यादी, आचारसंहितेचं ते पान आणि संपर्काचा मार्ग. छापून आलेल्या प्रत्येक बातमीची पीडीएफ स्वतःकडे. हे करण्याआधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाच, बाहेर लिहायला परवानगी लागते का, हँडल कुणाचं, लेखाचे हक्क कुणाचे. बहुतेकांनी ते जॉईन झाल्यापासून उघडलेलं नसतं. संपादकाला विश्वासात घेऊन "माझा स्वतःचा साप्ताहिक मेल आहे, ऑफिसच्या बातम्यांच्या लिंका त्यातून जातील" असं सांगितलंस तर शंभरातले ऐंशी संपादक हो म्हणतात, कारण त्यांना ट्रॅफिक हवाच असतो.

इंग्रजीत जावं का? माझं मत, बातमी मराठीत कर आणि मोठी झाली की इंग्रजीत तिचं चारशे शब्दांचं सार स्वतःच्या साइटवर टाक. ई-पीक पाहणीवर तुझ्याइतकं कुणाला माहीत नसेल तर दिल्ली-बंगळुरूचे संपादक तुला शोधत येतील, त्यांच्याकडे मराठी टेंडर आणि शासन निर्णय वाचणारे लोक नसतात. इंग्रजीत तू हजारातला एक, इथे मोजक्यांतला. आणि मराठी लिहिताना कृपा करून भाषांतर करू नकोस, ओटीपी, सर्व्हर, अपडेट, बँड हे शब्द लोक वापरतात ते तसेच राहू देत, पण वाक्य आपलं असू दे. तुझ्या पाठवलेल्या तीन लिंकांपैकी दोन बातम्यांत वाक्यं उघडउघड मशीननं पाडलेली वाटली. डेस्कवर वेळ नसतो हे समजतं, तरी तुझ्या बायलाइनखाली ते जाऊ देऊ नकोस. एआयचा उपयोग लांबलचक इंग्रजी टेंडरमधून कुठल्या पानावर काय आहे हे शोधायला कर, मग ते पान स्वतः वाच. मुलाखतीचं मराठी ट्रान्स्क्रिप्ट मशीन करतं पण गावांची नावं आणि आकडे हमखास चुकवतं, तेवढे ऐकून तपास.

लिंक्डइन रोज नको. बातमी आली त्या दिवशी ती कशी मिळाली हे दहा ओळींत लिही, सोर्स उघडा न पाडता, बास. यूट्यूबचं म्हणशील तर लोकांना उपयोगी पडणारे छोटे व्हिडिओ, "ई-केवायसीत हा एरर आला तर काय करायचं" असले, स्वतःच्या फोनवर शूट केलेले, तेवढे कर, त्यातून सोर्सही मिळतात, खाली कमेंटमध्ये लोक आपली कहाणी सांगतात. फसवणुकीवर करशील तेव्हा १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर स्क्रीनवर पूर्ण वेळ ठेव, पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात केलेल्या फोनला फार किंमत आहे.

एक जरा अवघड विषय. आपल्याकडे टेक बीट सुरक्षित आहे असं समजतात, तशी ती नाही. जानेवारी २०१८ मध्ये द ट्रिब्यूनच्या रचना खैरा यांनी दाखवलं की ५०० रुपयांत व्हॉट्सॲपवरच्या एजंटकडून आधारच्या माहितीपर्यंत पोचता येतं, आणि आधार प्राधिकरणाच्या तक्रारीवरून झालेल्या एफआयआरमध्ये त्यांचंच नाव आलं. एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेपासून सगळ्यांनी निषेध केला, पण त्या दिवसांत त्यांच्यावर काय ताण असेल बघ. म्हणून एखाद्या पोर्टलमधून लोकांचा डेटा बाहेर दिसतोय असं कुणी सांगितलं तर स्वतः लॉगिन करून उकरत बसू नकोस, ज्यानं दाखवलं त्याच्याकडून स्क्रीन रेकॉर्डिंग घे, नावं-नंबर झाकून, आधी सर्ट-इनला आणि त्या खात्याला लेखी कळव, उत्तराला वेळ दे, भोक बुजल्यावर छाप. संपादक आणि वकील दोघांना आधी माहीत असू दे. नव्या डेटा कायद्यात पत्रकारितेला वेगळी सूट ठेवलेली नाही, आधीच्या मसुद्यांत होती ती गेली, त्यामुळे लोकांची वैयक्तिक माहिती तुझ्या लॅपटॉपवर गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवू नकोस. सोर्सशी सिग्नल या मेसेजिंग ॲपवर बोल, मेसेज आपोआप पुसले जातील असं सेटिंग करून. सायबर सुरक्षेवर लिहिणाऱ्याचंच अकाउंट हॅक झालं की मग काय राहिलं.

निखिल पाहवाचा विषय निघेलच म्हणून सांगते. या पत्रकारानं २००८ मध्ये मीडियानामा ही साइट काढली, वर्षानुवर्षं टेलिकॉम आणि इंटरनेट धोरणावर कोरडं, नेमकं लिहिलं, आणि २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सगळ्या साइटना नेटवर सारखी वागणूक मिळावी या, मोहिमेत पुढे उभा राहिला, ट्रायला, म्हणजे टेलिकॉम नियामकाला, दहा लाखांच्या वर मेल गेले, ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं वेगवेगळ्या साइटना वेगळे दर लावायला बंदी घातली. पत्रकारानं मोहीम चालवावी का यावर तेव्हाही वाद होता. मला वाटतं उघडपणे, आपली बाजू सांगून चालवली तर चालतं, पण त्याआधीची सात वर्षं लोक विसरतात, ती नसती तर त्या मोहिमेत त्याचं कुणी ऐकलं नसतं.

आता पीआर एजन्सीचं वरकाम. नको. पैसे बरे आहेत, मला माहितीय, एका प्रेसनोटच्या भाषांतराला तुझ्या दोन दिवसांच्या पगाराइतके देतात. पण ती एजन्सी ज्या कंपन्यांचं काम करते त्यांच्यावर तू लिहितोस, आणि हे एक दिवस बाहेर येतंच, हे क्षेत्र फार लहान आहे. वरकाम हवंच असेल तर ज्यांच्यावर तू लिहीत नाहीस अशांचं घे, कॉलेजात शिकव, पुस्तकाचं भाषांतर कर, बचत गटांना सायबर फसवणुकीवर ट्रेनिंग दे, त्याचे पैसे कमी मिळतात पण तिथून बातम्या मिळतात. बँकेनं ट्रेनिंगला बोलावलं आणि तू सहकारी बँकांवर लिहिणार असशील तर मानधन घेऊ नकोस, गाडीभाडं घे.

दुसऱ्या पोर्टलची ऑफर मात्र विचार करण्यासारखी आहे. पगार वाढतोय ते चांगलंच, पण एचआरशी बोलताना तीन गोष्टी विचार: बायलाइन नेहमी मिळणार का, महिन्यातून दोन दिवस डेस्कवरून सुटून बाहेर फिरायला मिळणार का, आणि न्यूजलेटर स्वतःच्या नावावर चालू ठेवता येईल का. तिन्ही ऑफर लेटरमध्ये लिहून माग, निदान एचआरच्या मेलवर तरी. दोन दिवसांच्या मुद्द्यावर ते घासाघीस करतील, एकावर तयार होतील, घे. बायलाइन आणि न्यूजलेटरला मात्र "ते नंतर बघू" असं म्हणाले तर जॉईन होऊ नकोस, आहेस तिथेच थांब आणि या खरिपाच्या ई-पीक पाहणीपासून सुरुवात कर.